उसनी उमज

माळपेठच्या नगरपरिषदेसमोर पूर्वी एक फळा असायचा. कोणत्या गल्लीत किती वाजता पाणी येणार, ते त्यावर लिहिलेलं असे. दोन हजार चाळीस साली तिथं झगमगता फलक आला आणि पाण्याच्या जागी शाळा आल्या. गावात नगरपरिषदेच्या सहा शाळा. दर तिमाहीच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला त्यांची क्रमवारी लागायची, आणि समोरच्या चहाच्या गाड्यावर उभं राहायला जागा मिळायची नाही. ज्यांनी सातवीतच शाळेला रामराम ठोकला होता, तेसुद्धा कोणती शाळा वर सरकणार याची भाकितं छातीठोकपणे करत.

ऑक्टोबरच्या त्या सोमवारी शैलजा दिवटे गर्दीच्या मागे उभ्या होत्या. त्या साळीमाळ शाळेच्या मुख्याध्यापिका. साळीमाळ तळाला होती, आणि ही सलग तिसरी वेळ होती.

नियम साधा होता. लागोपाठ चार वेळा तळाला राहिलेली शाळा बंद करायची आणि तिची मुलं उरलेल्या पाच शाळांत वाटून द्यायची. साळीमाळपासून सगळ्यांत जवळची शाळा हमरस्त्याच्या पलीकडे. यंत्रमागावर बारा-बारा तास उभे राहणारे आईबाप पोरांना तिथवर सोडायला जाणार नव्हते, आणि मुलींना एकटं तर मुळीच पाठवणार नव्हते. साळीमाळ शाळेत एकशे चौदा मुली होत्या. जानेवारीचा फलक चुकला, तर त्यांतल्या निम्म्या तरी घरी बसून मागाच्या सुताच्या कांड्या भरणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

फलकाखाली रजिया मोमीन भेटली. ती पेठशाळेची मुख्याध्यापिका, आणि पेठशाळा सलग तिसऱ्यांदा पहिली. दोघी डी.एड.ला एका बाकावर बसलेल्या. पुढे वीस वर्षं दर शनिवारी सकाळची शाळा सुटली, की त्या रजियाच्या ओट्यावर भडंग खात बसत आणि आपल्या वर्गातलं कोणतं पोर कुठं अडलंय ते एकमेकींना सांगत. एकीच्या अडचणीवरची युक्ती बहुधा दुसरीकडे सापडायची. फलक आला आणि तो शनिवार बंद पडला. भांडण नाही, तंटा नाही. पहिल्या नंबरला बोलायचा संकोच आणि तळाच्याला विचारायची लाज, एवढंच.

“बरी आहेस?” रजियानं विचारलं.

“बरी आहे. ऊन फार आहे यंदा.”

“हो ना,” असं म्हणून रजिया रिक्षात बसली.

गंमत अशी, की हे यंत्र गावात यावं म्हणून पहिला हात शैलजाबाईंनीच वर केला होता. त्याआधी तपासणीला साहेब येत. ज्या शाळेचा तांबडा रस्सा झणझणीत, तिचा शेरा उत्तम. परीक्षांचं तर विचारूच नका. फळ्यावर उत्तरं लिहून देऊन शंभर टक्के निकाल लावणारे महाभाग त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. यंत्राला ना रस्सा लागत होता, ना वशिला.

त्याचं नाव उमजमापी. प्रत्येक वर्गाच्या छताला ताटाएवढा एक डबा टांगलेला, आणि त्यात बारीक भिंगं. माणसाच्या डोळ्याची बाहुली काही नुसत्या उजेडानंच लहानमोठी होत नाही. डोकं कष्टाला लागलं की ती केसभर रुंदावते, ताण सुटला की पुन्हा आकसते. शास्त्रज्ञांना हे फार पूर्वीपासून माहीत होतं. नवीन होतं ते यंत्र. चाळीस मुलांच्या ऐंशी बाहुल्या ते एकाच वेळी मोजायचं, आणि नगरपरिषदेला परवडण्याइतकं स्वस्त होतं. बाहुली रुंदावली आणि मग आकसली, की यंत्र एक उमज धरायचं. तासाला मुलामागे किती उमजा झाल्या, त्यावर शाळेला शंभरपैकी गुण. उजेड कमीजास्त होऊ नये म्हणून वर्गांना जाड हिरवे पडदे लावले होते, आणि ते विणायचं काम गावातल्याच मागांना मिळालं होतं.

पेठशाळेला अठ्ठ्याहत्तर गुण होते. साळीमाळला एकेचाळीस.

शाळेकडे परतताना शैलजाबाई वाट वाकडी करून पेठशाळेवरून गेल्या. मधली सुट्टी नुकतीच संपली होती, तरी आतून टाचणी पडल्याचा आवाज यावा इतकी शांतता होती. दारातून त्यांना एक वर्ग दिसला. चाळीसच्या चाळीस मुलं हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून समोर बघत होती. त्यांच्या शाळेतली मुलं मात्र कधी सरळ बसायची नाहीत. माना वळायच्या, हात हलायचे.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर शैलजाबाईंनी हुकूम सोडला. “आजपासून वर्गात हाताची घडी, तोंडावर बोट. शेजारी बघायचं नाही.”

औषध लागू पडलं. पहिल्या आठवड्यात गुण सत्तेचाळीस झाले, दुसऱ्यात पंचावन्न. सुतार सर, साळीमाळचे सगळ्यांत जुने शिक्षक, पेढे घेऊन आले. “मॅडम, अजून पाच गुण, आणि आपण तळातून सुटलो,” ते म्हणाले. शैलजाबाईंनी पेढा खाल्ला आणि कित्येक महिन्यांनी त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात पाचवीचे शिक्षक रजेवर गेले म्हणून त्या स्वतः गणिताच्या तासाला उभ्या राहिल्या. अपूर्णांकांची बेरीज, छेद वेगवेगळे. दुसऱ्या रांगेत लावण्या गाजूल बसली होती. बाप मागावर, आई कांड्या भरणारी, आणि पोरगी बोलायला तिखट. आज तीही तोंडावर बोट ठेवून होती. फळ्याकडून वळताना शैलजाबाईंना तिचा दुसरा हात दिसला. घडी सुटून तो बाकाखाली गेला होता, आणि त्याची दोन बोटं कात्रीसारखी हलत होती.

ती खूण शैलजाबाईंना जन्मापासून ठाऊक होती. त्यांची आईही मागावरच होती. मागांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाही, म्हणून माळपेठच्या विणकरांनी तीन पिढ्यांत हातांची एक मुकी बोली घडवली होती. दोन बोटं कात्रीसारखी हलली, की माझा धागा तुटला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांभोवती फिरली, की गाठ मारली. कुणाचा धागा तुटलेला दिसला, तर शेजारच्यानं आपला माग थांबवून गाठ मारून द्यायची, उपकार म्हणून नव्हे, रीत म्हणून. पोरांनी ती रीत घरून शाळेत आणली होती. समजलं नाही की धागा तुटायचा, मग शेजारचं पोर मान वळवायचं, तळहातावर बोटानं काहीतरी काढून दाखवायचं आणि गाठ बसायची. शैलजाबाई हे वीस वर्षं बघत आल्या होत्या, आणि इतकं सवयीचं झालं होतं की हेच शिकणं आहे, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

लावण्याची बोटं पुन्हा हलली. शेजारच्या मुलीनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि बोट ओठांवर आणखी घट्ट दाबलं. लावण्यानं हात हळूच मांडीखाली घेतला आणि ती फळ्याकडे बघत राहिली. आता ती काहीच समजून घेत नव्हती. नुसती बघत होती.

तास संपला तेव्हा वर्गाच्या दारावरच्या, तासाचे गुण दाखवणाऱ्या पट्टीवर आकडा उमटला: एकसष्ट. शाळेचा आजवरचा सगळ्यात मोठा आकडा. शैलजाबाईंना भरल्या वर्गात रडू आलं. हे आपण आपल्या हातांनी केलं, याची त्यांना अतोनात लाज वाटली.

टोणपे साहेब नगरपरिषदेच्या शाळांचे प्रशासनाधिकारी. वय जेमतेम पस्तीस, स्वतः नगरपरिषदेच्याच शाळेत शिकलेले आणि यंत्रावर मनापासून विश्वास असलेले. शैलजाबाईंनी त्यांच्या कचेरीत जाऊन मागितली तशी त्यांनी साळीमाळची सगळी नोंद पडद्यावर उघडली.

“हे बघा मॅडम. तुमच्या मुलांच्या डोक्यात लहरी उठतात भरपूर, म्हणजे बाहुल्या रुंदावतात. पेठशाळेपेक्षा जास्तच. पण लहर पुरी व्हायच्या आत मूल मान वळवतं. मग यंत्र ती उमज धरत नाही. तिला उसनी म्हणतं.”

“उसनी म्हणजे?”

“शेजाऱ्याचं बघून आलेली. कॉपी.”

“हे कुणी ठरवलं?”

“बनवणाऱ्यांनी. त्यांनी यंत्राला शिकवलं ते मोठ्या शहरांतल्या शिस्तीच्या शाळांत. तिथं मान वळते ती कॉपी करायलाच.”

“आणि साहेब, मुलानं नाद सोडला तर? समजत नाही, जाऊ दे म्हणालं, तर बाहुलीचं काय होतं?”

पडद्याकडे बघत टोणप्यांनी हनुवटी खाजवली. “ताण सुटतो,” ते शेवटी म्हणाले. “म्हणजे… आकसतेच.”

“म्हणजे उमगलं तरी गुण, आणि सोडून दिलं तरी गुण.”

साहेबांचा चेहरा उतरला. माणूस प्रामाणिक होता, म्हणून उतरला. त्यांनी नियमांची चोपडी काढली. उमजमापीत आणखी एक सोय होती, ती आजवर कुणी वापरली नव्हती. तिचं नाव टिकाव-तपासणी. जुन्या धड्यावरची गणितं काही आठवड्यांनी मुलांना एकेकटं बसवून द्यायची. पक्कं येत असेल तर उत्तर बरोबर येतं आणि बाहुली फारशी रुंदावत नाही, कारण डोक्याला कष्ट पडत नाहीत. उत्तर चुकलं, किंवा नुसतं ठोकलेलं उत्तर आणि बाहुली ताणलेली, तर धडा टिकला नाही.

“दिवाळीच्या सुट्टीनंतर घेता येईल. सहाही शाळांत. मात्र दोन मुख्याध्यापकांचा एकत्र अर्ज लागतो, सुट्टी लागायच्या आत. आणि मॅडम, एकदा तो मंजूर झाला की जानेवारीचा फलक त्या तपासणीवरच लागणार. मग मागं फिरता येत नाही.” ते थोडे थांबले. “तुमच्या भल्याचं सांगू? घडी चालू ठेवा. तुमची शाळा यंदा वाचतेय. मी आकडे बघितलेत.”

शाळा वाचवायला घडी ठेवायची, की मुलांना शिकू द्यायला शाळा पणाला लावायची? शैलजाबाई नगरपरिषदेपासून साळीमाळपर्यंत पायी आल्या. दोन किलोमीटर चालून त्यांना उत्तर मिळालं नाही. ते शाळेच्या दारात मिळालं. मधल्या सुट्टीत लावण्या पटांगणाच्या कडेला एकटीच वही उघडून बसली होती आणि तिची बोटं कुणीच नसताना कात्रीसारखी हलत होती.

“उद्यापासून घडी बंद,” शैलजाबाईंनी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं.

सुतार सर उठून उभे राहिले. “मॅडम, बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथं काडी हाताला लागलीय, आणि तुम्ही ती मोडायला निघालाय?”

“सर, त्या काडीला धरून आपण तरंगू. पोरं बुडतील.”

“आणि तपासणीत पोरं एकेकटी बसणार. शेजारी कोण नसणार. तेव्हा काय हो?”

“बघू,” शैलजाबाई म्हणाल्या. “पण घडी बंद.”

राहिली दुसरी सही. चार शाळांच्या मुख्याध्यापकांनी चहा पाजला आणि सही टाळली. एकाला घरच्यांना विचारायचं होतं, एकाची पेन्शन जवळ आली होती. शनिवारी दुपारी शैलजाबाई, कित्येक महिन्यांनी, रजियाच्या ओट्यावर जाऊन बसल्या. अर्ज पुढे केला. रजियानं तो दोनदा वाचला.

“तुला माहीत होतं ना?” शैलजाबाईंनी विचारलं.

“जूनपासून,” रजिया म्हणाली. “शुक्रवारी वर्ग नव्वद गुण घेतो. सोमवारी तेच विचारावं, तर पाटी कोरी. मला वाटलं, माझंच शिकवणं कमी पडतंय. मग वाटलं, आकडा चांगला आहे तर गप्प बसावं.” ती अर्जाची घडी घालत राहिली. “पण शैला, मी सही केली आणि आम्ही तळाला गेलो तर? माझे अकरा शिक्षक आहेत. परवाच आमदारांनी त्यांचा सत्कार केलाय. त्यांना मी काय तोंड दाखवू?”

“मी तुला गळ घालणार नाही.”

“घालू नकोसच,” असं म्हणून रजियानं अर्ज परत दिला. भडंगाची वाटी तशीच राहिली. शैलजाबाईंना राग आला नाही, वाईट फार वाटलं. आपण तिच्या जागी असतो तर काय केलं असतं, हे त्यांना सांगता येत नव्हतं.

सोमवार सुट्टीच्या आधीचा शेवटचा आठवडा घेऊन आला. पाचवीत पुन्हा अपूर्णांक चालू होते, आणि शैलजाबाईच शिकवत होत्या. हात मोकळे होते. लावण्यानं कात्री केली, शेजारचीनं मान वळवली, तळहातावर एक भाकरी काढली, तिचे आधी दोन भाग केले, मग सहा. लावण्या तिच्या हाताकडे बघत राहिली आणि एकदम हसली. तिनं अंगठा आणि तर्जनी फिरवली. लगेच मागं वळून तिनं तीच भाकरी मागच्या बाकावर काढून दाखवली. पट्टीवर आकडा आला: अडतीस.

शैलजाबाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर रजिया उभी होती. केव्हा आली होती कोण जाणे. वर्ग चालू होता म्हणून ती आत आली नाही, काही बोललीही नाही. तिचीही आई कांड्या भरणारीच होती. तिनं दारातूनच उजवा हात वर केला आणि अंगठा व तर्जनी एकमेकांभोवती फिरवली.

त्याच दुपारी अर्जावर दोन सह्या पडल्या.

सुट्टी संपली. नोव्हेंबरच्या अखेरीस टिकाव-तपासणी झाली. साळीमाळच्या पोरांना पटांगणातल्या मांडवात हिरव्या कापडाच्या आडोशांत, डोक्यावर एकेक डबा टांगून, एकेकटं बसवलं. शैलजाबाईंना आत जायची परवानगी नव्हती. त्या फाटकाशी उभ्या राहिल्या आणि शेजारी सुतार सर येरझारा घालत राहिले. कापडाच्या फटीतून त्यांना लावण्या एका बाजूनं दिसत होती. तिनं पहिलं गणित वाचलं आणि थबकली. तिचा डावा हात बाकाखाली गेला. दोन बोटं कात्रीसारखी हलली.

“संपलं,” सुतार सर पुटपुटले.

शेजारी कुणीच नव्हतं. लावण्यानं डावा तळहात उघडून समोर धरला, उजव्या बोटानं त्यावर भाकरी काढली, तिचे भाग केले, मोजले. मग तिनं स्वतःचीच गाठ मारली आणि लिहायला लागली. जे तिनं मागच्या बाकाला समजावून दिलं होतं, ते आता तिचं तिला सापडलं होतं. शैलजाबाईंनी फाटकाचा गज धरला होता, तो त्यांना सोडवेना.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी गाड्यावर तोबा गर्दी होती. दहा वाजता फलक लागला. साळीमाळ दुसरी, शंभरात एकाहत्तर. सुतार सरांनी भर रस्त्यात शैलजाबाईंना वाकून नमस्कार केला. वयानं बारा वर्षांनी मोठा माणूस वाकलेला पाहून त्या संकोचून गेल्या. एकशे चौदा मुलींची शाळा राहिली. त्यांनी डोळे पुसले आणि खालच्या ओळी वाचल्या.

तळाला पेठशाळा होती. एकोणचाळीस.

गाड्यावर हशा पिकला. कालपर्यंत पेठशाळेचं नाव घेऊन छाती फुगवणारे आज तोंडाला येईल ते बोलत होते. रजिया फलकासमोर ताठ उभी होती. तिनं मान खाली घातली नव्हती, पण हातातली पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. नियम अजून तोच होता. चार वेळा तळाला, की शाळा बंद. रजियाची एक वेळ आज भरली होती.

शैलजाबाई गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी गेल्या. “शनिवारी येतो आम्ही.”

“कोण आम्ही?”

“पाचवीची वीस पोरं आणि मी. तुझ्या पाचवीत बसवायचं. एक माझं, दोन तुझी, असं बाकावर.”

टोणपे साहेब जवळच उभे होते, त्यांनी ऐकलं. “मॅडम, रोजची मोजणी चालूच असते. त्या दिवसाच्या पेठशाळेच्या सगळ्या उमजा यंत्र उसन्या धरेल. आणि दोन शाळांची पोरं एका बाकावर बसली, तर पुढच्या फलकावर तुलना कुणाची कुणाशी करायची?”

“तेवढं तुम्ही बघा, साहेब. तुमच्याकडे चोपडी आहे.” मग त्यांना वाटलं, आपण जरा तोडून बोललो. “बनवणाऱ्यांना कळवायचं असेल तर कळवा. पत्रावर मी सही करते.”

“मीही करते,” रजिया म्हणाली. “आणि भडंग मी आणतो, शैला.” अस्सल कोल्हापुरी बाईसारखं ते ‘आणतो’ तिच्या तोंडून फार दिवसांनी निघालं होतं.

शनिवारी पेठशाळेची चाळीस मुलं सवयीनं हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसली होती. लावण्याला एका चष्मेवाल्या मुलीशेजारी जागा मिळाली. शैलजाबाईंनी फळ्यावर गणित लिहिलं. चष्मेवालीच्या कपाळाला आठी पडली आणि थोड्या वेळानं मावळली. तिनं नाद सोडला होता.

लावण्यानं तिचं ओठांवरचं बोट हळूच धरून खाली घेतलं, त्याच्याशेजारी तिचंच दुसरं बोट आणून ठेवलं आणि कात्री कशी करायची ते तिला दाखवलं. मग आपला तळहात उघडून तिच्यापुढे धरला.

तासाच्या शेवटी दारावर आकडा उमटला: अकरा. माळपेठच्या कोणत्याही शाळेला इतके कमी गुण कधी पडले नव्हते. पोरांसोबत आलेल्या सुतार सरांनी तो वाचून दाखवला, पण रजियाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती दुसऱ्या रांगेकडे बघत होती. तिथं चष्मेवाली मुलगी मागं वळून तिसऱ्या रांगेतल्या मुलाला तळहातावर भाकरी काढून दाखवत होती.